जमीन वाळेपर्यंत

३ फेब्रुवारी

सूनबाई,

आधी आली ती मिस्त्रीची बायको, मिस्त्री नव्हे. दार उघडलं तर समोर ही एवढीशी बाई, कमरेला हातोडी खोचलेली, आणि विचारते काय, "आजी, जमीन कुठाय?" मी म्हटलं, "बाई, तू उभी आहेस तीच." तेव्हा हसली. तिच्या मागोमाग शेजारीण आली. तिला काय, माझ्या दारात मांजर शिंकलं तरी तिकडे कळतं. आणि सगळ्यात शेवटी, चहा पार निवल्यावर, मिस्त्री. तो बोलतच नाही. त्याच्या वाटचंही तीच बोलते. मी तिला मिस्त्रीण म्हणायला लागले तर म्हणाली, "बरं वाटतं, नाहीतर सगळे मला मदतीची बाई समजतात."

घरात इतकी माणसं एकदम आली, मला तर कार्य असल्यासारखं झालं. कप कमी पडले, मी वाटीतून प्यायले.

तुझा नवरा बोटीवर जाताना सांगून गेला, "आई, टाइलचं सगळं ती बघेल, माणसं तीच ठरवेल, तू फक्त तिला कळवत जा." फोन माझ्या कामाचा नाही. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं भरते, त्यावरून आपल्यात पूर्वी पुष्कळ होऊन गेलंय. म्हणून पत्र. तिसरीपर्यंत शिकलेली बाई मी, अक्षराला हसू नकोस. नऊ वर्षांत तुला पहिलं पत्र लिहिते आहे आणि तेही जमिनीबद्दल.

तर जमीन. मिस्त्री गुडघ्यावर बसून एकेका फरशीवर हातोडीचा दांडा आपटतो आणि कान देतो. चांगली असेल तर ठणठणीत वाजते, खालून सुटली असेल तर बद वाजते. बद वाजली की खडूनं फुली. संध्याकाळी बघते तर घरभर फुल्या. मागच्या खोलीत तर फुली मारायचीही गरज पडली नाही, दुधाचा दात हलावा तशा फरशा हातानंच निघाल्या. खाली ओल. पावसात भिजलेलं पोतं कोपऱ्यात विसरलं तर येतो ना, तसा वास.

मी म्हटलं, "बसवून टाका वरून टाइल, झाकलं जाईल." मिस्त्रीण म्हणाली, "आजी, ओल्या अंगावर नवे कपडे घालून काय उपयोग? आधी ओल येते कुठून ते बघू." मग तिनं प्लास्टिकचे चार कागद कापले, घरात चार ठिकाणी जमिनीवर पसरून चारी बाजूंनी चिकटपट्टीनं बंद केले. वारा जायला नको. शुक्रवारी येऊन बघणार.

मी तिला सांगितलं, ओल कशानं आली ते मला ठाऊक आहे, पूर्वी या घरात रोज बादलीनं जमीन धुतली जायची. ती म्हणाली, "पूर्वी म्हणजे कधी?" म्हटलं, नऊ वर्षं झाली. त्यावर तिनं वाकून चौथ्या कागदाची चिकटपट्टी पुन्हा एकदा दाबली.

राग मानू नकोस. झालं ते झालं, मी आता मनात काही ठेवत नाही.

टाइल बसल्या की एकदा ये. भिंगरीला घेऊन ये. सहा वर्षांची होती, आता पंधराची झाली. माझा मुलगा वर्षातून दोनदा येतो तेव्हा फोटो दाखवतो, पण फोटोतल्या पोरीशी भांडता येत नाही की तिच्या वेण्या घालता येत नाहीत. तिचा खोकला गेला ना?

तुझी सासू


९ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

पत्र मिळालं. अक्षर नीट वाचता येतं, काळजी करू नका.

मिस्त्री चांगले आहेत, इथल्या आमच्या शाळेच्या कचेरीची जमीन त्यांनीच केली होती. ते सांगतील तेवढा वेळ त्यांना द्या. झाकून टाका असं सांगू नका.

कागद उचलल्यावर काय दिसलं ते मला नक्की लिहा. थेंब कागदाच्या वरच्या बाजूला होते की खालच्या, आणि चारांपैकी कुठल्या कागदाला सगळ्यात जास्त.

भिंगरीचा खोकला इथे आल्यावर चार महिन्यांत गेला. परत आला नाही.

येण्याचं आत्ता काही सांगता येत नाही. तिची परीक्षा आहे.

तुम्ही मागच्या खोलीत झोपत असाल तर पुढे झोपा.

आपली सून


१४ फेब्रुवारी

सूनबाई,

तू मला परीक्षेचे प्रश्न घालावेत तसं विचारलंस, म्हणून मीही एकेक करून उत्तर देते.

दाराजवळचा कागद: कोरडा, नुसती धूळ. स्वयंपाकघरातला: किंचित धुरकट, आरशावर श्वास सोडल्यासारखा. मधल्या खोलीतला: बारीक थेंब, मोहरीएवढे. आणि मागच्या खिडकीखालचा: काय सांगू तुला, मिस्त्रीणीनं एक कोपरा सोडवला तर खालून पाणी ओघळून तिच्या बोटावर आलं. कागदाला खालच्या बाजूनं थेंबच थेंब, एकाला दुसरा चिकटलेला. वरची बाजू सुकी. वरून असतं तर हवेतलं म्हणायचं, खालून म्हणजे जमिनीतलं. हे मला आता इतकं पाठ झालंय की शेजारणीला दोनदा समजावून सांगितलं.

मिस्त्रीण म्हणाली, "आजी, बादलीचं पाणी वरून येतं आणि दुपारपर्यंत वाळून जातं. नऊ वर्षांपूर्वीची बादली आज कागदाला घाम फोडत नाही."

नऊ वर्षांत ओल्या फडक्याशिवाय मी त्या जमिनीवर काही फिरवलेलं नाही, ते मात्र खरं. म्हणजे तुझ्या बादलीचा तितकासा दोष नव्हता असं म्हणायला हरकत नाही. थोडा असेल. तितकासा नव्हता.

मग पाणी कुठलं? मी म्हटलं, शेजारणीच्या मोरीचं. दुसरं काय असणार, ती दिवसभर भांडी आपटत असते. मी तिला तसं तोंडावर बोलले. ती म्हणाली, "माझी मोरी तुला आज दिसली का? चाळीस वर्षं तिथेच आहे." आणि हातातला चहा ठेवून गेली. दोन दिवस फिरकली नाही. तिच्याशिवाय घर कसंसंच वाटतं, पण खरं बोलणाऱ्याला एवढं सोसावं लागतं.

मिस्त्री मागच्या अंगणात जाऊन आला, भिंतीशी वाकून काही पुटपुटला. मला नीट ऐकू आलं नाही.

बाकी मागे गुलाब असे बहरलेत की खिडकीच्या गजांतून आत येतात. भिंगरीला सांग. ती पाकळ्या वेचून माझ्या चपलेत भरायची, आठवतं का तुला?

परीक्षा कधी संपते ते कळव.

तुझी सासू


१९ फेब्रुवारी

आई, नमस्कार.

एकच विचारते. मागच्या खिडकीखालच्या वाफ्याबद्दल मिस्त्री काही म्हणाले का?

शेजारच्या काकूंची मोरी त्या भिंतीपासून वीस पावलं लांब आहे, आणि उताराच्या खालच्या अंगाला. पाणी चढ चढून येत नाही. त्यांना बोलावून घ्या.

आपली सून


६ मार्च

सूनबाई,

तुझं चार ओळींचं पत्र येऊन दोन आठवडे होत आले. तीनदा लिहायला बसले. एकदा शाईवर खापर फोडलं, एकदा डोळ्यांवर. आज कारण सापडलं नाही, म्हणून लिहिते.

मला ऐकू आलं होतं. मिस्त्री पुटपुटला नव्हता, चांगला स्पष्ट बोलला होता. महिन्याभरात तो मोजून एवढंच बोलला असेल. "आजी, ही माती जोत्याच्या वर दीड हात चढलीय." घर ज्या दगडी बैठकीवर उभं असतं त्याला ते जोतं म्हणतात. माती त्याच्या खाली राहिली पाहिजे. वर चढली की ती सरळ भिंतीला टेकते, आणि मातीतलं पाणी भिंत पिते.

बावीस वर्षं मी त्या वाफ्यात माती भरत आले. दर वर्षी चार पाट्या. वाफा उंच तेवढे गुलाब उंच, आणि मला ते स्वयंपाकघरातून बसल्या जागी दिसले पाहिजेत ना. रोज संध्याकाळी दोन बादल्या पाणी. उन्हाळ्यात चार. तू सकाळी एक बादली वापरायचीस, तीही फडकं पिळून पिळून. ती मला दिसायची. माझ्या स्वतःच्या मला कधी बादल्याच वाटल्या नाहीत. ते आपलं झाडांना पाणी.

मिस्त्रीणीला मी म्हटलं, "वाफा राहू दे, तुम्ही आतून काहीतरी लावा." तिनं हातातली थापी खाली ठेवली आणि म्हणाली, "आजी, ओल बाहेर ठेवून आत औषध नाही करत आम्ही. झाडं कुंड्यांत लावून देते, पण माती जाणार." मी दोन दिवस तिच्याशी अबोला धरला. ती रोज येऊन दारात बसायची आणि आपला डबा खाऊन जायची. तिसऱ्या दिवशी मीच फावडं आणून दिलं.

माती काढली. मागची भिंत गुडघ्याच्या वरपर्यंत काळी निघाली, बोट लावलं तर बोट ओलं. आतून बघितलं तर तिथेच, त्याच उंचीवर, पोपडे आणि लोणा, मिठासारखा पांढरा. आणि ती जागा कुठली, तर भिंगरीची गादी जिथे असायची ती. खिडकीखाली वारा लागतो म्हणून मीच तिथे घालायला लावली होती.

आणि मी काय बोलले होते तेही लिहिते, कारण आता न लिहून चालणार नाही. घरात पाहुणे बसलेले. आतून पोरीचा खोकला ऐकू आला आणि कुणीतरी विचारलं, काय होतंय तिला. मी म्हटलं, "तिच्या छातीत जे पाणी आहे ना, ते हिच्या बादलीतलं." सगळे हसले. तू चहाचे कप गोळा करत होतीस. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

एक मला कळत नाही. मी गुलाब बहरले एवढंच लिहिलं होतं, वाफा माझ्या पत्रात कुठेच नव्हता. तुला वाफ्याचं कसं सुचलं? आजच सुचलं, की आधीपासून ठाऊक होतं? ठाऊक असेल तर तू तेव्हा माझ्या तोंडावर का नाही मारलंस ते?

तुझी सासू


१४ मार्च

आई, नमस्कार.

आधीपासून ठाऊक होतं.

ते नीट सांगता यावं म्हणून हे पत्र मी कचेरीत दार लावून लिहिते आहे.

लग्न होऊन आल्यावर तिसऱ्या वर्षी मला ते दिसलं. तुम्ही पाणी घालून आत यायचात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालची फरशी गार लागायची, पायाला कळायचं. एकदा तुम्ही आठ दिवस बहिणीकडे गेलात. झाडांना मी पाणी घातलं नाही, विसरले. आठव्या दिवशी तिथली जमीन कोरडी होती. जमीन तर मी रोज धूतच होते.

बाबांना मी सांगितलं. ते म्हणाले, "तिला तेवढीच एक हौस आहे, मी बघतो काय करता येतं ते." दर उन्हाळ्यात ते त्या भिंतीला आतून चुना लावायचे ते त्यासाठी. तुम्ही त्यांना हसायचात, "यांना एकच भिंत सापडते." तेही हसायचे. ते गेले आणि चुना थांबला.

त्यानंतर मी बोलायला हवं होतं. तुम्हाला वाटेल, बाबांनी अडवलं म्हणून बोलले नाही, किंवा तुमच्या गुलाबांसाठी गप्प बसले. तसं असतं तर बरं झालं असतं. मी गप्प बसले कारण तुम्ही रोज बादलीवरून बोलायचात आणि मला वाटायचं, बोला, बोला. एक दिवस भिंतच सांगेल, त्या दिवशी मी नुसती बघत उभी राहीन. मला तो दिवस पाहिजे होता.

त्या दिवसाची वाट बघताना भिंगरी दोन वर्षं त्याच भिंतीशी झोपली. मला माहीत होतं आणि मी तिची गादी हलवली नाही. हलवली असती तर तुम्ही विचारलं असतं का हलवली, आणि मग सांगावं लागलं असतं. गादी मधल्या खोलीत ओढायला किती लागतं, सांगा. चार पावलं. पाहुण्यांसमोर तुम्ही ते बोललात तेव्हा मला राग आला तो तुमचा नव्हता. मला वाटलं, निम्मं खरंच बोलल्या.

मिस्त्री मीच ठरवले. ते कागद लावून बघतात हे मला माहीत होतं. तुम्ही १४ तारखेच्या पत्रात "तितकासा दोष नव्हता" लिहिलंत, तिथे ती नऊ वर्षांची वाट संपली. पत्र हातात घेऊन बसले होते. काहीच वाटलं नाही. थंड चहा घशाखाली उतरावा तसं.

ह्यांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं आपलं बादलीवरून वाजलं.

आपली सून


२१ मार्च

सूनबाई,

पत्र वाचलं. शेजारणीला वाचायला दिलं नाही, ती शेजारी बसून मान लांब करत होती तरी. हो, ती आली. मीच गेले होते तिच्याकडे. म्हटलं, "तुझ्या मोरीची माफी मागायला आलेय." ती म्हणाली, "मोरीला काय त्याचं, मला माग." मागितली. मग तिनं चहा केला. बिनसाखरेचा केला, मुद्दाम.

तुझ्यावर रागवावं म्हणून मी एक दिवस राखून ठेवला होता. सकाळपासून तयारी केली, की हिनं माझ्या नातीला ओलीत निजवलं. पण वाक्य सुरू केलं की ते माझ्याच घरात येऊन संपायचं. माती मी चढवली, पाणी मी घातलं, गादी मी घालायला लावली. तू चार पावलं ओढली नाहीस, तर मी बावीस वर्षं ओतलं. तुझी चूक माझ्या चुकीशेजारी मोजायला ठेवू नकोस, ती दिसणारही नाही.

फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. मी तुला असं काय केलं होतं, की तू एवढं सोपं वाक्य मला सांगू शकली नाहीस? "आई, वाफ्यातलं पाणी आत येतं." पाच शब्द. मग मी आठवून बघितलं, की तू सांगितलं असतंस तर मी काय म्हटलं असतं. ते मला लगेच ऐकू आलं. बहिरी असून.

आणि तुझे सासरे. चुना लावताना त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या, मी म्हणायचे, "आता खरे म्हातारे दिसता." मला कुणीच कसं काही सांगितलं नाही याचं मला नवल वाटायचं, तेही आता वाटत नाही. माझ्या माणसांनी मला सांगण्यापेक्षा भिंत रंगवणं सोपं मानलं.

जमिनीचं सांगते, नाहीतर रडत बसेन. मागची सगळी माती गेली. अंगणाला आता बाहेरच्या बाजूला उतार केलाय. आतले पोपडे खरवडले, जुनी गच्ची निघावी तसा ढीग झाला. मागच्या खोलीची जमीन हातभर खणून काढली आणि आता ती नुसती उघडी ठेवलीय. खिडक्या दिवसभर सताड. मिस्त्रीण म्हणते, "जमीन घाई ओळखत नाही, आजी. तिला वाळू दे. मग खाली खडी, वर जाड प्लास्टिक, वर सिमेंटचा कोबा, आणि तो वाळला की टाइल." मी रोज सकाळी जाऊन तळवा टेकून बघते. रोज वाटतं वाळली. रोज थोडी गार असते.

गुलाबाच्या सहा कुंड्या झाल्या. तीन जगतील असं दिसतं.

येण्याबद्दल आता मी विचारत नाही. माझं तोंड नाही तेवढं.

तुझी सासू


२ एप्रिल

आई, नमस्कार.

भिंगरीनं सगळी पत्रं वाचली. मी दिली नव्हती. कपाटात ठेवली होती, तिनं काढून वाचली, आणि जेवताना माझ्यासमोर ठेवली. म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींची चूक इतकी छान वाटून घेताय. मला श्वास घेताना कसं व्हायचं ते दोघींपैकी एकीनंही कधी विचारलं नाही."

याचं उत्तर तुम्हाला येत असेल तर शोधून ठेवा.

तिला ती जागा बघायची आहे, टाइल बसायच्या आधी. परीक्षा संपली. १२ तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीनं येतो. संध्याकाळी परत निघू. राहणार नाही. स्वयंपाकाचा घाट घालू नका.

आपली सून


१४ एप्रिल

सूनबाई,

तुम्ही जाऊन दोन दिवस झाले, तुला सगळं माहीत आहे, तू इथेच होतीस. तरी लिहिते. तू अंगणात मिस्त्रीणीशी उताराचं बोलत होतीस तेव्हा आत काय झालं ते तुला ठाऊक नाही, आणि पोरगी सांगायची नाही.

दारात तुम्ही उभ्या राहिलात तेव्हा मी आधी तुझ्याशेजारच्या मुलीच्या मागे बघितलं, भिंगरी कुठे आहे म्हणून. मग कळलं, की ती उंच आहे तीच. मला म्हणाली, "कशा आहात तुम्ही?" तुम्ही. मी तिला न्हाऊ घातलंय, आणि ती मला तुम्ही म्हणते. तिचं चुकलं नाही. परक्या बाईशी नीट वागायला तू तिला शिकवलंस.

मागच्या खोलीत ती एकटीच गेली. मी दारात थांबले. उघडी जमीन, मध्ये एक फळी टाकलेली, त्यावरून ती खिडकीपर्यंत गेली आणि खाली बसली. म्हणाली, "एवढीशीच जागा होती?" म्हटलं, "तू एवढीशी होतीस." तिनं तळवा जमिनीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. म्हणाली, "कोरडी आहे." मी म्हटलं, "हो. आता."



तू लिहिलं होतंस उत्तर शोधून ठेवा. मी दहा दिवस शोधत होते. एक चांगलं वाक्य जमवलं होतं, आरशासमोर म्हणूनही बघितलं. ऐन वेळी तोंडातून आलं काय, तर "चहा घेतेस?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. मग मी फळीवर तिच्याशेजारी बसले. गुडघे कुरकुरले, तिनं हात दिला, तेवढ्यापुरता. आणि मी विचारलं, "श्वास घेताना कसं व्हायचं तुला?"

सांगितलं तिनं. अगदी साध्या आवाजात. म्हणाली, "छातीवर कुणीतरी ओली उशी ठेवल्यासारखं. मी उताणी झोपायचे नाही, भिंतीला पाठ टेकून बसायचे. भिंत गार असायची. मला वाटायचं भिंतीलाही बरं नाही. मी तिचे पोपडे सोलायचे, खपली काढावी तसे." मग म्हणाली, "आई उठेल म्हणून हळू खोकायचे. तुम्ही उठाल म्हणून तोंडात चादर धरायचे. सकाळी तुम्ही दोघी बादलीवरून सुरू व्हायचात, मला वाटायचं माझ्या खोकल्यामुळेच."

हे तुला लिहू की नको, दोन दिवस ठरवत होते. मग म्हटलं, या घरात न सांगण्यानं काय झालं ते बघतोच आहोत.

मी तिला म्हटलं, "चुकलं माझं." एवढंच. पुढचं ठरवलेलं वाक्य सगळं विसरले. ती म्हणाली, "हं." माफ केलं असं नाही म्हणाली. मीही विचारलं नाही. पंधरा वर्षांच्या पोरीकडून म्हातारीनं ते काढून घेऊ नये. जमिनीचं मला कळलं ते एवढंच, वरून वाळली म्हणून आतून वाळली असं नसतं.

तुझ्याशी मात्र मी दिवसभरात धड बोललेच नाही. तू सिमेंटच्या पोत्यावर बसून चहा प्यायलीस, मी उभी होते. दोघींनाही माहीत होतं काय बोलायचं ते, आणि दोघीही मिस्त्रीणीच्या तोंडाकडे बघत होतो. पत्रात आपण किती शहाण्या, नाही? समोर आलो की पुन्हा सासू आणि सून. निघताना तू कप विसळून पालथा घातलास, जुन्या जागी, न विचारता. मी तो अजून उचललेला नाही.

मिस्त्री आज कोब्याला लागलाय. महिनाअखेरीस टाइल सुरू होतील, आणि मागची खोली शेवटी, कारण ती सगळ्यात उशिरा वाळणार.

फाटकापाशी मी विचारलं, "परत कधी?" तू म्हणालीस, "बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं, आयुष्यभर मीही तेच म्हणत आले. पण भिंगरीनं मागे वळून सांगितलं, "नऊ मे. शनिवारी. दुपारच्या गाडीनं."

मी तिचंच धरलंय. शनिवार, नऊ मे.

तुझी सासू